वहीतले किलोमीटर

आमच्या दारातल्या गाडीला सगळी गल्ली ‘फियाट’ म्हणते. बाबा मात्र दर वेळी दुरुस्ती करतात, “फियाट नव्हे, प्रीमियर पद्मिनी.” पस्तीस वर्षं बँकेत लेजर सांभाळलेल्या माणसाला नावातली आणि आकड्यातली चूक चालत नाही. गाडी १९७६ सालची. पहिले मालक आमच्याच पेठेतले एक डॉक्टर. त्यांच्याकडून बाबांनी ती १९८३ मध्ये घेतली. म्हणजे गाडी पन्नाशीला आलेली, बाबा चौऱ्याऐंशीचे आणि मी या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गाडीच्या स्पीडोमीटरची कुरबुर सुरू झाली. आधी काटा चाळिसाच्या आसपास हिंवताप भरल्यासारखा थरथरू लागला. मग डॅशबोर्डमागे रातकिडा दडून बसावा तशी किरकिर. आणि एका रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावर काटा शून्यावर जो बसला, तो उठलाच नाही. गाडी धावत होती, झाडं मागं पळत होती आणि मीटर सांगत होता की आपण जागच्या जागी उभे आहोत.

माझी मुलगी गाडी चालवत होती. ती म्हणाली, “एवढं काय त्यात? फोनवर वेग दिसतो की!”

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “फोन आत्ताचा वेग सांगेल. या गाडीनं आजवर किती केलं, ते सांगेल का?”

मी मीटरकडे पाहिलं. काट्याखालच्या पाच आकड्यांवर ७१,३८६ एवढं येऊन थांबलं होतं. शेवटचा सहा अर्धवट वर सरकलेला. सात व्हायच्या वाटेवर असतानाच थांबलेला.

एक खाकी वही

त्या आकड्यांचं आमच्या घरात एवढं का, हे सांगायचं तर वहीबद्दल सांगायला हवं. गाडी घरी आली त्याच दिवशी बाबांनी खाकी पुठ्ठ्याची एक लांबट वही आणली आणि पट्टीनं पाच रकाने आखले. तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि शेरा. पहिल्या ओळीत मीटरच्या रकान्यात ३८,२१४ हा आकडा आहे. शेऱ्यात लिहिलंय, ‘गाडी ताब्यात. नारळ फोडला.’

तेव्हापासून पेट्रोल भरलं की नोंद, असा शिरस्ताच पडला. बाबा पंपावर उतरून टाकीजवळ उभे राहायचे. आई पुढच्या सीटवर वही मांडीवर घेऊन बसायची. मीटर ती स्वतः वाचायची, लिटर आणि रुपये बाबा खिडकीतून सांगायचे. त्यामुळे वहीतली बहुतेक पानं आईच्या अक्षरात आहेत. गोल, किंचित मागं झुकलेलं अक्षर. शेऱ्याचा रकाना तर पूर्णपणे तिचाच. ‘क्लच प्लेट बदलली’च्या खाली ‘ताईचं लग्न, नाशिक’. ‘रेडिएटर गळतो’च्या खाली ‘आजी अत्यवस्थ, रात्री दोनला निघालो’. पुढच्या ओळीत त्याच तारखेला परतीचं पेट्रोल, आणि शेरा कोरा.

ही वही कुणी वाचण्यासाठी लिहिली नव्हती. गाडी लिटरला किती देते, ऑइल कधी बदलायचं, एवढाच तिचा उपयोग. पण कुठल्या वर्षी आम्ही कुठे होतो, याचा एवढा खात्रीचा पुरावा आमच्या घरात दुसरा नाही.

आणखी एक प्रसंग. मीटरला आकडे पाच, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं. १९९४ च्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी घाट उतरल्यावर बाबांच्या लक्षात आलं की वेळ जवळ आली आहे. सुरूर फाट्याच्या पुढे त्यांनी गाडी अगदी बैलगाडीच्या चालीनं घ्यायला सुरुवात केली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देत होते. आम्ही भावंडं पुढच्या सीटवर ओणवी होऊन डोळे ताणून बसलो होतो. पाचही नऊ एकदम हलले, एकमेकांना धरून वर सरकले आणि पाच शून्यं ओळीनं उभी राहिली. आईनं पर्समधून खडीसाखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. वहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलंय, ‘मीटरचा वाढदिवस.’

आई २०१६ मध्ये गेली. नोंदी त्यानंतरही चालू राहिल्या, बाबांच्या बारीक अक्षरात. मीटर बदलायचा म्हणजे आईनं लिहिलेल्या आकड्यांना पुढे जोडत चाललेली साखळी तोडायची, हे माझ्या डोक्यात त्या सकाळीच आलं. बाबांच्याही डोक्यात तेच असणार, असं मी गृहीत धरलं.

काटा हलतो कसा?

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. वडिलांचं गॅरेज चालवणारा हा पोरगा कॉम्प्युटर जोडून नव्या गाड्या तपासतो, पण पद्मिनी आली की वडिलांसारखा कानानं काम करतो. त्यानं मला जमिनीवर बसवून जे समजावलं, ते मला इतकी वर्षं गाडीत बसूनही ठाऊक नव्हतं.

या मीटरला वीज लागते ती फक्त रात्री आतला दिवा लावायला. वेग मोजण्याचं काम पूर्ण यांत्रिक. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक लहानशी दातेरी फिरकी असते. चाकं जितकी फिरतील त्या प्रमाणात ती फिरते. तिला जोडलेली पिळाची पोलादी तार एका नळीतून डॅशबोर्डमागे मीटरपर्यंत येते. हीच मीटर केबल. तारेची दोन्ही टोकं चौकोनी असतात, म्हणजे भोकात बसली की सटकत नाहीत. केबल मीटरमध्ये एक लोहचुंबक गरगर फिरवते.

गंमत पुढेच आहे. हा चुंबक आणि काटा एकमेकांना कुठेही टेकलेले नसतात. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते आणि काटा त्या वाटीच्या दांडीवर बसवलेला असतो. आता ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला लावून पाहा, चिकटणार नाही. पण चुंबक फिरायला लागला की वाटीच्या धातूत विजेचे लहान भोवरे उठतात. त्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी फिरत्या चुंबकाच्या मागं ओढली जाते. जुन्या घरांत जिन्याखाली विजेचं काळं मीटर असायचं, त्यातली गोल फिरणारी चकती आठवते? तिच्यामागेही हेच भोवरे.

वाटीला मोकळं सोडलं तर तीही गरगर फिरेल. म्हणून तिला घड्याळात असते तशी केसासारखी बारीक स्प्रिंग जोडलेली असते. चुंबक पुढे ओढतो, स्प्रिंग मागे खेचते. दोघांची ताकद जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. वेग वाढला की ओढ वाढते, काटा पुढे जातो. गाडी थांबली की स्प्रिंग त्याला शून्यावर आणून बसवते.

फिरत्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबकाची सुई ओढली जाते, हे फ्रान्समध्ये आरागो या शास्त्रज्ञानं १८२४ च्या सुमारास पाहिलं होतं. त्याचं कारण १८३१ नंतर फॅरेडेनं सांगितलं. आणि त्यावरून वाहनाचा वेग मोजणाऱ्या मीटरचं पेटंट स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यानं १९०२ मध्ये घेतलं. पुढची जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षं जगातल्या बहुतेक मोटारींचे काटे याच तत्त्वावर हलत राहिले.

काट्याखालचे आकडे मात्र या भोवऱ्यांवर चालत नाहीत. त्यांना त्याच केबलपासून दातेरी चक्रांची एक साखळी जाते. हजारो फेऱ्यांचा वेग कमी करत करत ती शेवटच्या आकड्याचं चाक हळूहळू पुढे नेते. एक चाक नवावरून शून्यावर गेलं की शेजारच्याला एक घर ढकलतं. काटा हलवणारी ओढ नाजूक, आकडे ढकलणारे दाते दणकट. एकाच पेटीत दोन स्वभाव.

त्यामुळे बिघाड कुठे आहे, हे लक्षणांवरून ओळखता येतं. आकडे फिरतात आणि काटा झोपलेला, तर वाटी, स्प्रिंग किंवा दांडीत दोष. काटा हलतो आणि आकडे थांबलेले, तर चक्रांचे दाते गेले. काटा थरथरतो, तर केबल कोरडी पडली किंवा कुठेतरी तिला करकचून वळण बसलं. दोन्ही एकदम बंद, तर आधी केबल तपासावी, कारण दहापैकी नऊ वेळा तीच तुटलेली असते आणि मीटरपेक्षा ती फार स्वस्त पडते.

आमचीही तार तुटलेलीच निघाली. नवी केबल घातली. तिला ग्रीस लावताना मीटरकडचं टोक त्यानं वीतभर कोरडं ठेवलं. “काका, इथं ग्रीस लावलं तर ते तार फिरता फिरता वर चढतं आणि वाटीत जाऊन बसतं. मग काटा चिकटतो.” काटा हलला, किरकिर थांबली, आम्ही चहा पिऊन घरी आलो.

तिसऱ्या दिवशी नवी केबलही तुटली.

आता मात्र त्यानं बॅटरीची वायर काढली, डॅशबोर्डखाली उताणा झोपला, मागं हात घालून चाचपडत केबलचा नट सोडला आणि मीटर बाहेर काढून माझ्या हातात ठेवला. मागच्या चौकोनी भोकात काडी घालून फिरवून पाहा म्हणाला. फिरेना. चुंबकाची दांडी ज्या बुशात फिरते तिथलं तेल पन्नास वर्षांत डिंकासारखं झालं होतं. केबल हा रोग नव्हताच. अडलेल्या दांडीला फिरवता फिरवता ती पिळून तुटत होती. उघडून पाहिलं तर आकड्यांच्या चक्राचेही चार दाते उडालेले. “बुश साफ करता येईल,” तो म्हणाला, “पण हे चक्र मी कुठून आणू? दुसरा मीटर शोधा.”

कुर्ल्याची गाडी, कुर्ल्याचा मीटर

मीटरशिवाय गाडी चालवता येत नाही का? चालते. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीला स्पीडोमीटर असायला हवा आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. शिवाय किती किलोमीटरला ऑइल बदललं, लिटरला किती पडलं, हे कळायचा मार्गच बंद होतो.

शोध सुरू झाला. नाना पेठेत केबल मिळाली, आणखी दोन घेऊन ठेवल्या, मीटर मिळाला नाही. रविवारी जुन्या बाजारात गेलो. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्यांवर अँबॅसेडरचे मीटर होते, जीपचे होते, एक स्टँडर्डचा होता. एक दुकानदार म्हणाला, “हाच घ्या, कापून बसवून देतो.” मेकॅनिकनं फोनवरूनच नको म्हणून सांगितलं. प्रत्येक मीटर आपापल्या गाडीच्या हिशोबानं बांधलेला असतो. एका किलोमीटरला केबलचे किती फेरे, हे गिअरच्या दात्यांवर आणि टायरच्या घेरावर ठरतं. दुसऱ्या गाडीचा मीटर भोकात बसेलही, पण साठाला पन्नास म्हणेल आणि बारा किलोमीटरचे दहा लिहील. बंद मीटर निदान खोटं तरी बोलत नाही.

शेवटी कुणीतरी कुर्ल्याचं नाव सांगितलं. बाबा हसले. “म्हणजे माहेरीच जायचं तर!”

खरंच होतं ते. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली, तिचा कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘११००’ या गाड्या तिथं पन्नासच्या दशकापासून बनत होत्या. १९७२ मध्ये गाडीचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि पुढे दोनेक वर्षांत प्रीमियर पद्मिनी. इंजिन तेच १,०८९ सी.सी.चं, गिअरचा दांडा तसाच स्टेअरिंगला. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडून फियाट गेलं नाही. नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, मग ती दारात यायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन तिनं अख्ख्या शहराला फिरवलं. त्यांतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. कारखानाही गेला. आता तिथं उंच इमारती आहेत, रस्त्याला मात्र प्रीमियर रोड हे नाव राहिलंय.

आमचा मीटर जुन्या पंचात गुंडाळून पिशवीत घेतला आणि सकाळच्या गाडीनं दादर, तिथून लोकलनं कुर्ला गाठलं. सीएसटी रोडवर भंगारवाल्यांच्या दुकानांची रांग आहे. एकीकडे दरवाजे पुस्तकांसारखे उभे रचलेले, दुसरीकडे इंजिनं, तिसरीकडे नुसत्या हेडलाइटच्या काचा. पद्मिनीचं नाव काढलं की लोक मान हलवून पुढच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. सातव्या की आठव्या दुकानात माळ्यावरून एक खोकं खाली आलं. आत चार मीटर. दोघांच्या काचा फुटलेल्या, एकाचा काटाच नाही. चौथा मात्र आमच्या मीटरचा जुळा भाऊ. त्यावर आकडा होता ४६,९०३.

दुकानदारानं शेजारच्या गल्लीतल्या एका मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे धाडलं. टेबलाएवढी जागा, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, समोर चिमटे आणि पेट्रोलची वाटी. सत्तरीच्या त्या चाचांनी मीटर उघडला, दांडी काढून धुतली, बुशात तेलाचा एक थेंब सोडला आणि मागून फिरकी फिरवली. काटा हलकेच उठला, शंभरावर जाऊन अलगद शून्यावर उतरला. चार महिन्यांनी कुणाला तरी चालताना पाहावं तसं मला झालं.

मग चाचांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि अगदी सहज विचारलं, “नंबर कितना लगाऊं, साब?”

आकडा किती लावू?

विचारणं साधंच होतं. मीटर उघडलेलाच होता. आकड्यांची चाकं हव्या त्या जागी फिरवून देणं हे त्यांचं पाच मिनिटांचं काम. ते म्हणाले, येणारे बहुतेक लोक कमीच करून मागतात, गाडी विकायला बरी पडते. माझं उत्तर तयार होतं. ७१,३८६. यात लबाडी काहीच नाही, गाडी खरोखर तेवढी चालली होती. आईच्या आकड्यांची साखळी तुटणार नव्हती. तरी बाबांना विचारावं म्हणून फोन केला.

बाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “त्या मीटरवर आत्ता किती आहेत?”

“सेहेचाळीस हजार नऊशे तीन.”

“ते कुणाचे?”

“आता कुणाला माहीत? कुठल्यातरी गाडीचे. भंगारात गेली असेल ती.”

“गेली असेल. पण तेवढं अंतर ती गेलीय ना? कुणीतरी आपल्यासारखंच त्यात बसून गेलं असेल. ते पुसणारे आपण कोण? राहू दे तसंच.”

“अहो बाबा, पण आपले आकडे...” माझा आवाज जरा चढला असावा. चाचा माझ्याकडे पाहायला लागले. मी दुकानाबाहेर आलो. “आईच्या वहीचं काय? ते सगळं मध्येच तुटणार.”

“तुटतं कसं? गाडी घेतली तेव्हा मीटरवर ३८,२१४ होते, ते काय आपण केले होते? डॉक्टरांचे होते. त्यांचे पेशंट, त्यांच्या रात्रीच्या व्हिजिटा. तुझ्या आईनं पहिल्या ओळीत ते लिहिले आणि तिथून पुढे आपले मोजले. आता पुन्हा तसंच. लेजर बदललं की जुनी शिल्लक नव्यात लिहायची असते. जुनं लेजर कुणी खोडत नाही.”

मी गप्प झालो. इतके दिवस मी समजत होतो की त्या आकड्यांत बाबा अडकलेत. अडकलो होतो मी.

नंतर या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की बाबांचा हिशोबनिसाचा न्याय आणि परक्या मुलुखातला कायदा यांचं बरंच जुळतं. अमेरिकेत मीटर बदलताना जुनाच आकडा नव्यावर ठेवावा, असा नियम आहे. ते शक्य नसेल तर नवा मीटर शून्यावर आणायचा आणि दाराच्या चौकटीवर लेखी चिठ्ठी लावायची, जुन्या मीटरवर किती होते आणि कुठल्या तारखेला बदलला याची. म्हणजे माझं ७१,३८६ही त्या कायद्यात बसलं असतं. पण कुठलाही आकडा लावला तरी शेवटी भरवसा ठेवायचा तो लिहिलेल्या चिठ्ठीवरच. मीटरचं चाक कुणीही फिरवू शकतो.

अंतर मोजायची ही खटपटही मोटारीपेक्षा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमच्या व्हिट्रुव्हियसनं एका गाडीचं वर्णन करून ठेवलंय. चाकाचे चारशे फेरे झाले की एक रोमन मैल, आणि प्रत्येक मैलाला दातेरी चक्रातून एक खडा खालच्या पेटीत पडायचा. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजायचे. गाडी मोडली तरी पेटीतले खडे कुठे जात नाहीत.

चाचांना सांगितलं, नंबर आहे तसाच राहू द्या. ते हसले, म्हणाले असं सांगणारे तुम्हीच. मीटरचे अडीच हजार आणि साफसफाईचे पाचशे देऊन मी परतलो.

मैलाचे दगड

मीटर बसवायला अर्धा तास लागला. मेकॅनिकनं केबल मोठ्या वळणानं फिरवून घेतली, नट हातानंच घट्ट केला, आतला दिवा बदलला. पण बसवला म्हणजे झालं नाही. जुना मीटर लावला की तो खरं बोलतो का, हे तपासावं लागतं, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

रविवारी आम्ही सातारा रस्त्याला लागलो. मुलगी चालवत होती, मी मागं, बाबा पुढच्या सीटवर हातातलं घड्याळ काढून. मोकळा रस्ता आल्यावर तिनं काटा साठावर धरला. साठाच्या वेगानं एक किलोमीटर जायला बरोबर साठ सेकंद लागतात. कडेला किलोमीटरचा दगड आला की बाबा “हां!” म्हणायचे, पुढच्या दगडाला पुन्हा “हां!” चौसष्ट सेकंद भरले. छत्तीसशेला सेकंदांनी भागायचं, की खरा वेग हातात येतो. बाबांनी तोंडीच भागाकार केला, “छप्पन्नच्या वर, सव्वा.” म्हणजे काटा चारएक किलोमीटर जास्त दाखवत होता. ते चालतं. युरोपातला नियमही असा आहे की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, थोडं जास्त दाखवलेलं परवडतं. मग दहा दगडांचं अंतर आकड्यांवर ताडून पाहिलं. दहा दगड, दहा किलोमीटर.

खंबाटकीचा घाट आम्ही त्या दिवशी चढलो नाही. अलीकडेच एका हॉटेलापाशी मिसळ खाल्ली आणि परत फिरलो. बाबा वाटेत फारसं बोलले नाहीत. मधूनमधून मान तिरकी करून मीटर पाहत होते. लायसन्स संपल्यावर त्यांनी ते पुन्हा काढलं नाही, पण आकडा वाचायचं काम अजून त्यांचंच आहे.

कात्रजच्या पंपावर गाडी थांबली. मी उतरून टाकीजवळ उभा राहिलो. काचेतून दिसत होतं, बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून खाकी वही काढली, उघडली आणि नातीच्या हातात दिली. तिनं स्टेअरिंगवरच वही टेकवली. बाबा सांगत होते, ती लिहीत होती.

“तारीख घाल. मीटर चार, सहा, नऊ, नऊ, एक. आता शेरा. मीटर बदलला. जुना ७१,३८६ वर थांबला. नवा ४६,९०३ पासून. फरक २४,४८३, तो पुढे मिळवत जावा.”

तिनं तीनदा खाडाखोड न करता लिहिलं. तिचं अक्षर उभं आहे, आमच्या कुणासारखंच नाही. मग पान उलटून ती मागची पानं पाहायला लागली. एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, “आजोबा, मीटरचा वाढदिवस म्हणजे काय?”

“सांगतो,” बाबा म्हणाले. “आधी बाबाला विचार, लिटर किती बसलं. तो रकाना रिकामा राहिलाय.”